मनोव्यथेचे शब्द आणि आपली तरुण पिढी

शब्द निरागस नसतात, हे आपल्या चळवळीला कुणी शिकवायला नको. ‘हरिजन’ हा शब्द आपण नाकारला, ‘दलित’ हा शब्द स्वीकारला, ‘बौद्ध’ ही ओळख कमावली. प्रत्येक वेळी मूळ प्रश्न एकच होता : आपल्याला नाव ठेवण्याचा अधिकार कुणाचा? आज हाच प्रश्न एका वेगळ्या क्षेत्रात उभा राहिला आहे. आपली मुले-मुली स्वतःच्या मनाच्या अवस्थेला नवी नावे देऊ लागली आहेत. ही नावे कुठून आली, त्यांचा खरा अर्थ काय आणि ती कुणाच्या सोयीची आहेत, हे कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी तपासले पाहिजे.

मी आर्णीत शिकवतो. अरुणावतीच्या काठचे, यवतमाळ जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी आणि बसस्थानकावर गाडीची वाट पाहणारी मुले जे बोलतात, त्यात मला तीन थर दिसतात. पहिला थर आपल्या बोलीचा : ‘मले गमत नाही’, ‘जीव घाबरते’, ‘डोस्कं काम करत नाही’, ‘त्यानं हाय खाल्ली’, ‘तिनं धसका घेतला’. दुसरा थर हिणवण्याचा : ‘बह्याड’, ‘भैताड’, ‘पागल’, ‘मेंटल’, ‘सायको’, ‘याले नागपूरले भरती करा’. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, म्हणून विदर्भात नागपूर. पुण्याकडे याच अर्थाने येरवड्याचे नाव घेतात. तिसरा थर मोबाईलमधून आलेला : ‘डिप्रेशन’, ‘अँग्झायटी’, ‘ट्रॉमा’, ‘ट्रिगर’, ‘टॉक्सिक’, ‘बायपोलर’, ‘ओसीडी’, ‘ओव्हरथिंकिंग’. ‘टेन्शन’ हा शब्द मात्र तिन्ही थरांत आहे. तो आजीही वापरते आणि नातूही.

प्रथम अर्थ पाहू. परीक्षेत नापास झाल्यावर दोन दिवस वाईट वाटणे म्हणजे डिप्रेशन नव्हे. निदान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणे किंवा कशातच रस न वाटणे, त्यासोबत झोप व भूक बिघडणे, थकवा, लक्ष न लागणे, आपण निकामी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, आणि यामुळे रोजची कामे अडणे, या अवस्थेला डॉक्टर नैराश्याचा आजार म्हणतात. अँग्झायटी म्हणजे नुसती काळजी नव्हे. कारण संपले तरी न संपणारी, शरीराला ग्रासणारी चिंता. तीत कधी एकाएकी छाती धडधडते, श्वास कोंडतो, आता मरतो असे वाटते. काही मिनिटांत हा झटका शिगेला पोचतो. वही नीट लावून ठेवणारी मुलगी ‘ओसीडी’ होत नाही. नको असलेला विचार पुनःपुन्हा मनात घुसणे आणि तो घालवण्यासाठी तीच कृती तासन्‌तास करावी लागणे, हा तो छळ आहे. सकाळी हसणारा आणि संध्याकाळी चिडणारा मित्र ‘बायपोलर’ नसतो. त्या आजारात उन्मादाचे व नैराश्याचे कालखंड कित्येक दिवस, कित्येक आठवडे चालतात. ‘छिन्नमनस्कता’ या मराठी शब्दाने तर मोठाच घोटाळा केला आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसे नव्हेत. त्यात नसलेले आवाज ऐकू येतात, खोटे संशय पक्के होतात. असे बहुतेक रुग्ण कुणावर हात उगारत नाहीत. ‘सायको’ म्हणून आपण ज्याला हसतो, तो बहुधा भ्यालेला माणूस असतो.

कायद्यानेही आपले शब्द बदलले आहेत. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्याच्या नावातच वेडेपणा होता. त्याच्या व्याख्येत रुग्ण म्हणजे ‘वेडगळ’ वा ‘अस्थिर मनाचा’ इसम. १९८७ च्या कायद्याने त्याला मनोरुग्ण म्हटले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आला आणि त्याने रुग्णाला हक्क असलेली व्यक्ती मानले. या कायद्यातील दोन गोष्टी आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असाव्यात. एक, उपचार देताना जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. दोन, एखाद्याचा सामाजिक वा आर्थिक दर्जा पाहून, किंवा तो समाजाची रूढ मूल्ये मानत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे व्यवस्थेला नकार देणारा माणूस वेडा नव्हे, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच हा कायदा गृहीत धरतो. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न वगळता, अशा प्रयत्नाचा गुन्हा उरलेला नाही. पोलिसांच्या भीतीने कुणी दवाखाना टाळू नये.

आता मुख्य मुद्दा. नवे शब्द आले हे चांगलेच झाले. ‘पागल’ म्हटले की माणूस संपतो. ‘डिप्रेशन’ म्हटले की निदान उपचाराची वाट दिसते. बाहेरची बाधा, करणी म्हणून भगताच्या दारात फटके खाण्यापेक्षा हा शब्द शतपटींनी बरा. पण याच शब्दांची दुसरी बाजू आहे. आमच्या आधीच्या पिढीतील दलित विद्यार्थी वसतिगृहातून महाविद्यालयात गेला, तेव्हा त्याच्यासाठी एक शब्द तयार होता : ‘न्यूनगंड’. त्याला पंगतीत वेगळे बसवणारे हात निर्दोष, आणि त्याला जे वाटते तो मात्र गंड! जखम करणारा सुटला आणि जखम हाच रोग ठरला. आज ‘न्यूनगंड’ जाऊन ‘ओव्हरथिंकिंग’ आले आहे. आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा स्वर बदलतो, तोंडी परीक्षेत गुणवत्ता यादीतला क्रमांक विचारला जातो, ‘सरकारी जावई’ म्हणून हशा पिकतो. मुलाने हे बोलून दाखवले की मित्र सांगतात, ‘तू फार ओव्हरथिंकिंग करतोस.’ एका शब्दात अन्याय हा त्याच्या डोक्याचा दोष होऊन जातो. जात ही माणसांच्या मनात वसलेली कल्पना आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले होते. मग ज्या मनात ती वसते त्या मनाची तपासणी व्हायला नको काय?

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला, डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली. अशा मृत्यूंनंतर चर्चा आधी गेलेल्याच्या मनाची होते, संस्थेची नंतर. म्हणूनच राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि प्रश्न मुलांच्या मनावरून उचलून उच्च शिक्षणातील जातिभेदावर ठेवला.

आपल्या जिल्ह्यात शब्दांचा असाच खेळ शेतीतील मरणाबाबत झाला. सरकारी कागदावर आत्महत्या ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. मदत मिळायची तर सातबारा हवा, कर्ज हवे. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या मजुराचे मरण ‘शेतकरी आत्महत्या’ या शब्दात बसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार शेतीक्षेत्रातील ११,२९० आत्महत्यांपैकी ५,२०७ शेतकऱ्यांच्या आणि ६,०८३ शेतमजुरांच्या होत्या. मजूर संख्येने अधिक, पण चर्चेच्या शब्दातून बाहेर. आणि या मजुरांत आपले लोक किती, हे आर्णी तालुक्यातील कुठल्याही वस्तीत उभे राहून पाहावे.

यावर आपल्यातील काही जण म्हणतात, ‘हे सारे व्यवस्थेचे आजार, व्यवस्था बदला, मन आपोआप बरे होईल.’ हेही अर्धसत्य आहे आणि ते जीव घेणारे आहे. फ्रान्झ फॅनन हा कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ अल्जीरियातील ब्लिदाच्या रुग्णालयात काम करीत होता. गुलामीच माणसाचे मन मोडते हे ओळखून त्याने १९५६ मध्ये, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, तिथला राजीनामा दिला आणि तो मुक्तिलढ्यात उतरला. पण ट्युनिसला गेल्यावरही त्याने रुग्ण तपासणे सोडले नाही. लढा आणि उपचार यांत त्याने निवड केली नाही. आपणही करू नये. ज्याची झोप उडाली आहे त्याला क्रांतीची तारीख सांगून झोप येत नाही; आणि गोळी घेऊन अपमान थांबत नाही. गोळी आजारासाठी आहे, संघटना अपमानासाठी.

उपचार गावापर्यंत पोचू शकतो, याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तेथे ‘विश्राम’ या उपक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी ३० खेड्यांत काम केले. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार मागणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४ वरून शेकडा २७ वर गेले. माणसे बोलायला तयार असतात. त्यांच्या भाषेत विचारणारा कुणी लागतो.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. मुलगा ‘मले गमत नाही’ म्हणाला तर त्याला हसण्यावारी नेऊ नका. ‘कधीपासून?’ विचारा. झोप, जेवण, अभ्यास विचारा. ‘कुणी काही बोललं का?’ हेही विचारा, कारण पहिले प्रश्न डॉक्टरचे आहेत आणि हा शेवटचा आपला आहे. ‘मरावंसं वाटते का?’ हे स्पष्ट विचारायला कचरू नका. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट मन मोकळे होते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, त्याला पैसे पडत नाहीत. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. आर्णीहून अंतर सुमारे ४० किलोमीटर. सोबत जा. आणि कुणी जातीवरून छळले असेल तर परत आल्यावर त्याची तक्रार लिहायलाही सोबत बसा.