सोळा फुटांची होडी आणि गोड्या पाण्याचा समुद्र

'ट्रोलिंग' हा शब्द मराठी वाचकाला आता समाजमाध्यमांमुळे चांगलाच ओळखीचा झाला आहे. कुणाच्या तरी लेखनाखाली काहीतरी खोचक टाकायचे आणि चिडून कोण तोंड उघडतो ते पाहत बसायचे, असा त्याचा आजचा अर्थ. युरोपीय लोककथांतल्या 'ट्रोल' नावाच्या राक्षसानेही या अर्थाला हातभार लावला. पण मासेमारीतले हे क्रियापद इंटरनेटच्या कितीतरी आधीचे. चालत्या होडीमागे आमिषाचा दोर सोडून तो संथपणे ओढत नेणे, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्याही मागे जुन्या फ्रेंचमधला शिकाऱ्यांचा शब्द आहे : सावजाच्या शोधात रान धुंडाळत हिंडणे.

आपल्या कोकणात 'ट्रॉलर' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो वेगळाच प्रकार. तो 'ट्रॉल' म्हणजे समुद्राचा तळ खरवडत जाणारे जाळे. उच्चारात फरक थोडा, व्यवहारात जमीन-अस्मानाचा. ट्रॉलर जे सापडेल ते उचलतो. ट्रोलिंग करणाऱ्याच्या हाती दोन-चार दोर असतात, आणि त्यांतला प्रत्येक गळ त्या क्षणी पाण्यात नेमका कुठे आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते. बोटीवर जी यंत्रे आणि अवजारे बसवतात ती बहुतेक या एका प्रश्नासाठीच. मी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात राहतो. या प्रश्नाचा अभ्यास मी पुस्तकांतून जेवढा केला, तेवढाच एका सोळा फुटी ॲल्युमिनियमच्या होडीत बसून केला आहे.

आधी पाण्याविषयी. मिशिगन सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट. सर्वांत खोल जागी २८१ मीटर पाणी. मध्यावर गेलेल्याला कुठलाच किनारा दिसत नाही. 'सरोवर' या शब्दाने आपल्या मनात कमळे आणि घाट येतात. इथे वादळात तीन-चार मीटरच्या लाटा उठतात. फक्त पाणी गोडे.

या सरोवरांत लहान होड्यांचा लोंढा आला त्याला एक निश्चित कारण आहे. अटलांटिकमधून कालव्यांच्या वाटेने आत शिरलेल्या सी लॅम्प्रे या रक्तशोषक प्राण्याने १९४० आणि ५०च्या दशकांत इथला मूळचा लेक ट्राउट जवळजवळ संपवला. खाणारा मोठा मासा उरला नाही, म्हणून अलवाइफ ही बाहेरून आलेली हेरिंगच्या कुळातली लहान मासळी बेसुमार वाढली. १९६७च्या उन्हाळ्यात तिचे मेलेले थर किनाऱ्यांवर साचले आणि ते बुलडोझरने उचलावे लागले. त्याआधीच, १९६४ साली, हॉवर्ड टॅनर मिशिगनच्या मत्स्यविभागाचे प्रमुख झाले होते. पॅसिफिककडचा सॅमन इथे आणून त्याला ही मासळी खाऊ घालायची, असा त्यांचा बेत. ऑरेगनहून कोहो सॅमनची अंडी आली, पिल्ले वाढवली गेली आणि १९६६च्या वसंतात ती नद्यांत सोडली. पुढच्याच वर्षीच्या शरदात धष्टपुष्ट कोहो नद्यांच्या मुखाशी परतले. राज्यभरातून माणसे हाती लागेल ती होडी घेऊन धावली. तळ्यात, ओढ्यात चालणाऱ्या होड्या त्या. २३ सप्टेंबर १९६७ रोजी प्लॅट बे या उपसागरात वादळ आले. इशारे दिलेले होते, तरी शेकडो होड्या पाण्यात होत्या. सात जण मेले.

लहान होडी ट्रोलिंगसाठी सजवण्याविषयीचे बहुतेक लिखाण कोणती वस्तू कुठे बसवावी याच्या याद्या देते. मला त्या याद्यांतून सात माणसांची ही बातमी वगळता येत नाही. मासा खोल पाण्यात, किनाऱ्यापासून दूर असतो. तिथवर गळ पोहोचवायला जी जी वस्तू होडीत चढते, ती होडीला थोडी थोडी पाण्यात दाबते.

मासा खोल का असतो, याचे उत्तर पाण्याच्या एका विचित्र गुणात आहे. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते. दोहोंच्या मध्ये काही मीटरांचा एक पट्टा असतो, ज्यात तापमान भराभर उतरते. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. पोहणारा माणूस खाली बुडी मारतो तेव्हा पाय अचानक गारठतात, तीच ही जागा. चिनूक सॅमनला १० ते १३ अंशांचे पाणी मानवते, लेक ट्राउटला त्याहून थंड. ऑगस्टमध्ये असे पाणी पंधरा-वीस मीटर खाली किंवा आणखी खोल असते, आणि मासे त्या पातळ थरात वावरतात. म्हणजे हजारो चौरस किलोमीटरच्या पाण्यात खरे शिकारीचे रान असते ते एखाद्या सतरंजीएवढे जाड. शिवाय ही सतरंजी हलते. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आमच्या बाजूला, उत्तरेचा वारा दोन दिवस वाहिला की पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे ऊबदार पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि खालचे थंड पाणी वर येते. काल विशीत असलेले पृष्ठभागाचे तापमान आज दहावर आलेले असते.

आता होडी. अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर एक पाटी असते : किती माणसे, एकूण किती भार, किती अश्वशक्ती. पाटी लावणे उत्पादकाला कायद्याने भाग आहे. माझ्या होडीवर एकूण भार १,२०० पौंड लिहिला आहे, म्हणजे साधारण ५४४ किलो. यात मोटरही धरलेली. मी हा हिशेब एका वहीत मांडून ठेवला आहे. चाळीस अश्वशक्तीची मुख्य मोटर ९८ किलो, संथ चालीची छोटी मोटर ४२, दोन बॅटऱ्या ५०, पेट्रोल २०, डाउनरिगरची जोडी आणि तिचे गोळे २०, काठ्या, नांगर, जाळे, बर्फाची पेटी मिळून ४०. झाले २७० किलो. पंचाहत्तर किलोंची तीन माणसे बसली की बेरीज ४९५. चौथा बसला की पाटीच्या पलीकडे. बसायच्या जागा चार आहेत. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे पटवणे अवघड जाते. "अरे दादा, एवढी जागा आहे की!" असे म्हणणारा चुलतभाऊ धक्क्यावर राहतो तेव्हा वाईट वाटते, पण पाटी म्हणते ते शांत पाण्यासाठी.

वजन किती, याइतकेच ते कुठे, हेही महत्त्वाचे. दोन्ही मोटरी मागच्या फळीवर, चालवणाराही मागेच. बॅटऱ्या आणि इंधनही तिथेच ठेवायचा मोह होतो, कारण तारा आखूड लागतात. पण ट्रोलिंगची चाल इतकी मंद की मागून येणारी लाट होडीला सहज गाठते, आणि मागची फळी खाली बसलेली असेल तर ती लाट आत येते. म्हणून बॅटऱ्या मधल्या बाकाखाली आणाव्यात, लांबीनुसार तारा जाड घ्याव्यात आणि बॅटरीपाशीच फ्यूज बसवावा. दोन-तीन मीटर तारेचा खर्च वाचवण्यात शहाणपण नाही.

ही मंद चाल म्हणजे ताशी दोन ते तीन मैल, सकाळी फिरायला निघालेल्या पेन्शनराची. वॉलाय या माशासाठी त्याहूनही कमी. चाळीस अश्वशक्तीची मोटर सर्वांत हळू चालवली तरी अडीच मैलांच्या खाली यायला कुरकुरते. पूर्वी लोक भोके पाडलेली बादली दोराने बाजूला सोडून होडीला ओढ द्यायचे. आजही कापडी पिशवीच्या रूपात ती युक्ती चालते आणि मला ती आवडते, कारण तिला वजन नाही. दुसरा मार्ग छोट्या पेट्रोल मोटरचा. तिचा मोठा गुण असा की मुख्य मोटर बंद पडली तर हीच घरी आणते. तिसरा मार्ग नाळेवर बसवायच्या विजेच्या मोटरचा. ती होडीला ढकलत नाही, ओढते, त्यामुळे वाऱ्यात दिशा उत्तम राहते. पण वेग थोडा वाढवला की लागणारी शक्ती त्याच्या कितीतरी पटींनी वाढते. दीड मैलाला दिवसभर पुरणारी बॅटरी अडीच मैलांना दुपारपर्यंत दम टाकते. वॉलायला वीज आणि सॅमनला पेट्रोल, अशी माझी विभागणी. दोन्ही एकदम होडीवर चढवू नयेत.

मग येतो खोलीचा प्रश्न. नुसता दोर सोडून होडी चालवली तर पाण्याच्या रेट्याने आमिष वर येते. यावरचा सर्वांत सरळ उपाय डाउनरिगर. काठावर एक छोटी गिरकी, तिच्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला चार-साडेचार किलोंचा शिशाचा गोळा. गोळ्याजवळच्या चिमट्यात मासेमारीचा दोर अडकवायचा आणि गोळा हवा तितका खाली सोडायचा. काठी धनुष्यासारखी वाकून राहते. मासा लागला की दोर चिमट्यातून सुटतो, काठी ताडकन सरळ होते आणि पुढची झुंज वजनाशिवाय, फक्त माशाशी. या साध्या यंत्रातली बुद्धी मला फार मोठी वाटते : वजन गळ खाली नेण्यापुरतेच, नंतर ते बाजूला होते.

गिरकीवरचा आकडा शंभर फूट म्हणतो तेव्हा गोळा शंभर फुटांवर नसतो. चालीमुळे तो मागे रेटला जातो, तार तिरपी होते आणि खरी खोली कमी भरते. सोनारच्या पडद्यावर गोळा स्वतः एका रेघेसारखा दिसतो. तिथे वाचलेली खोली अधिक खरी. आणखी एक धोका. गोळा तळाच्या खडकात अडकला आणि होडी पुढे चालत राहिली, तर तार मागचा काठ खाली खेचते. म्हणून डाउनरिगर पातळ पत्र्यावर नुसत्या स्क्रूने बसवू नये, खालून जाड पट्टी द्यावी. आणि तार तोडायची पक्कड पेटीत ठेवू नये, हाताशी टांगावी.

तार अंगावर घ्यायची नसेल तर शिशाच्या गाभ्याचा दोर आहे. विणलेल्या आवरणात बारीक शिसे, आणि दर दहा यार्डांना रंग बदलतो. ताशी दोन मैलांच्या आसपास एक रंग म्हणजे अंदाजे पाच फूट खोली. पाच रंग सोडले की पंचवीस फूट. चाल वाढली की दोर वर उठतो. त्याच्या जोडीला तबकडीसारखा डायव्हर, जो पाण्याचा रेटा वापरून खाली आणि बाजूला जातो, आणि पृष्ठभागावर धावणारी छोटी फळी, जी दोराला होडीपासून वीस-तीस मीटर बाहेर नेते. सॅमनसाठी निघताना माझी मांडणी अशी : मधे दोन दोर डाउनरिगरवर सरळ खाली, दोन्ही बाजूंना एकेक डायव्हर. मिशिगनमध्ये माणशी तीन दोरांना परवानगी आहे, दोघांचे सहा होतात. सोळा फुटांत चार पुरे. वळताना सहा दोरांचा जो गुंता होतो तो सोडवायला हात दोन आणि डोके शांत लागते, आणि त्या वेळी सुकाणूवर कुणीच नसते.

वळणाची मात्र एक गंमत आहे. होडी डावीकडे वळली की डावीकडचे दोर मंदावतात आणि धातूचे चमचे खाली बसतात. उजवीकडचे वेगाने वर उठतात. मासा कुठल्या बाजूला लागला ते पाहावे. आतल्या बाजूला लागला तर चाल कमी करावी, बाहेरच्या बाजूला लागला तर वाढवावी. महागडी उपकरणे जे सांगतात त्यातले बरेचसे हे एक वळण फुकट सांगते. उपग्रहावरून मोजलेली चाल पृष्ठभागाची असते. खाली वेगळा प्रवाह असेल तर गळ वेगळ्याच चालीने जात असतो.

परतीच्या व्यवस्थेवर लोक सर्वांत कमी खर्च करतात. १ एप्रिल २०२१पासून अमेरिकेच्या संघराज्याच्या अखत्यारीतल्या पाण्यात, २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींच्या चालकाने इंजिन तोडणारी दोरी किंवा तसे साधन अंगाला लावणे बंधनकारक आहे. चालक पाण्यात पडला की मोटर थांबते. थंड पाण्याचा इथला हिशेब 'एक-दहा-एक' असा सांगतात : श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय उपयोगी चालतात ती दहा मिनिटे, शुद्ध हरपायला साधारण एक तास. मे महिन्यात किनाऱ्यावर लोक उघड्या अंगाने ऊन खात असतात आणि पाणी सात-आठ अंशांवर असते. त्या दहा मिनिटांत जॅकेट शोधून घालता येत नाही, ते अंगावरच हवे. रेडिओही बाकाखाली नको, जॅकेटला हवा.

सरोवर मात्र १९६७चे राहिलेले नाही. काळ्या समुद्राच्या परिसरातून जहाजांच्या पाण्याबरोबर आलेल्या क्वागा शिंपल्यांनी पाणी गाळून इतके स्वच्छ केले की अलवाइफचे खाद्यच आटले. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४च्या सुमारास अलवाइफ कोसळली आणि तिच्या मागोमाग चिनूकही. अलवाइफ वॉलायची पिल्ले खात असे. ती गेल्यावर ह्युरॉनच्या सॅगिनॉ उपसागरात वॉलाय पुन्हा भरभरून वाढला. तो उथळ पाण्यात, मंद चालीला लागतो. त्यामुळे ह्युरॉनकडे जाताना मी दोन्ही डाउनरिगर आणि छोटी मोटर उतरवून गॅरेजमध्ये ठेवतो, नाळेवर विजेची मोटर चढवतो आणि बाजूच्या फळ्या घेतो. वहीत तिथला वेगळा रकाना आहे. त्यात बेरीज चाळीस-पंचेचाळीस किलोंनी कमी भरते, आणि चौथे माणूस हलके असेल तर बसते.