शिकारीच्या रायफलसाठी परवडणारा स्कोप: पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे

(या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

विस्कॉन्सिनमधल्या हरणाच्या शिकारीवरचा भाग ऐकून बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "ताई, रायफल घेतली, आता स्कोप कुठला घेऊ? फार महाग नको." आज तेवढंच बोलू.

आधी दोन गोष्टी कायद्याच्या, कारण ऐकणारे अर्धे लोक महाराष्ट्रात आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हा भाग अमेरिकेत परवाना काढून शिकार करणाऱ्यांसाठी आहे. आणि जे इथे एच-वन-बीसारख्या व्हिसावर आहेत त्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला साधारणपणे मनाई आहे. वैध शिकारी परवाना असेल तर अपवाद आहे, पण तो वकिलाकडून नीट समजून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. आणखी एक: पुतण्यासाठी म्हणून रायफल स्कोप बॅगेत टाकून भारतात नेऊ नका. त्याच्या निर्यातीवर अमेरिकेचं नियंत्रण आहे. कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आता मूळ गोष्ट. स्कोपबद्दल मी इतकं पोटतिडकीने का बोलते, तर पहिल्याच हंगामात मी चुकीचा स्कोप घेतला आणि त्याची किंमत मी नाही, एका हरणीने मोजली.

तेव्हा मला वाटायचं, आकडा मोठा तो स्कोप चांगला. ऑनलाइन एक मिळाला, ४-१२×५०, आत लाल-हिरवा दिवा, वर मोठमोठ्या फिरक्या, सोबत रिंगाही फुकट, आणि किंमत साठ डॉलरच्या आत. कंपनीचं नाव घेत नाही. रायफल .३०८ विंचेस्टर. ऑक्टोबरात रेंजवर जाऊन १०० यार्डांवर झिरो केला, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणली. तीन गोळ्या दीड इंचात बसल्या. मी खूश. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे नऊ दिवसांचा हंगाम उघडतो. पहाटे रायफल रिकामी करून दोरीने मचाणावर ओढून घेताना ती शिडीवर एकदा आपटली. फार नाही, ठक्क इतकंच. मी लक्ष दिलं नाही.

सकाळी सातच्या सुमाराला ८० यार्डांवर हरणी आली, डावीकडे तोंड करून, अगदी आडवी उभी. फुली खांद्याच्या मागे ठेवली, चाप ओढला. ती पाठ वाकवून, शेपूट खाली घालून गेली. ज्यांना माहीत आहे त्यांना यातच कळलं असेल. गोळी पोटात लागली होती.

ज्यांच्या जमिनीवर मी बसते ते शेजारी, निवृत्त डेअरीवाले आजोबा, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आता मागे जाऊ नकोस. गेलीस तर ती उठून आणखी दोन मैल जाईल. घरी ये, कॉफी घे." पोटात लागलेल्या जनावराला पाच-सहा तास द्यावे लागतात. ते तास मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून काढले. दुपारी अडीचला ती सापडली, ओढ्याकाठी. अजून जिवंत होती. दुसरी गोळी मला जवळून घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी रेंजवर पाहिलं तर १०० यार्डांवर गोळी नऊ इंच उजवीकडे. ८० यार्डांवर साधारण सात. हरणाचं हृदय-फुफ्फुस मिळून आठेक इंचांचं वर्तुळ धरतात, म्हणजे मध्यापासून चार इंच इतकीच सूट. सात इंच म्हणजे पोट. हिशोब सरळ होता.

तर स्कोपचं पहिलं काम मोठं दाखवणं हे नाही. लावला तिथे राहणं हे आहे. आत एक नळी स्प्रिंगवर तोललेली असते, फिरक्या तिला ढकलतात. दर गोळीला ही सगळी रचना दणका खाते. स्वस्त मालात स्प्रिंग अशक्त असते, आतलं भिंग नीट बसवलेलं नसतं, आणि नेम हळूच सरकतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. काच स्वच्छ, दिवा लागतो, फुली काळीभोर. दुकानात हातात घेऊन हे कळणारच नाही, म्हणून लोक फसतात.

आता आकड्यांचा अर्थ. ३-९×४० म्हणजे तीनपट ते नऊपट मोठं दाखवणारा, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. पुढचं भिंग मोठं तर उजेड जास्त, हे अर्धसत्य आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागा, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४० भागिले ९, साधारण साडेचार मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, वय वाढलं की त्याहून कमी. म्हणजे नऊ पटीवर डोळा मागतोय तेवढा प्रकाश मिळत नाही. पण तोच स्कोप सहा पटीवर आणा: ४० भागिले ६, पावणेसात. झालं काम! पन्नासच्या भिंगासाठी जे पैसे मोजणार होतात ते काम रिंग फिरवून फुकटात झालं.

आमच्याकडे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंत गोळी झाडायला परवानगी आहे, आणि हरणं नेमकी त्याच कडेच्या वेळात हलतात. म्हणून हा हिशोब पाठ करून ठेवा. मोठ्या भिंगाचा आणखी एक तोटा कुणी सांगत नाही. ५० चं भिंग नळीला टेकू नये म्हणून स्कोप उंच बसवावा लागतो. मग गाल दस्त्यावर टेकत नाही, हनुवटी टेकते, मान अधांतरी. प्रत्येक वेळी डोळा वेगळ्या जागी. माझा पहिला स्कोप असाच होता, आणि मला वाटायचं माझी मानच आखूड आहे.

पट किती हवी? मी बसते त्या रानात शंभर यार्डांपलीकडे सरळ दिसतच नाही, झाडीच आडवी येते. तिथे तीन-चार पट भरपूर. बारा पटीवर जवळचं हरीण म्हणजे नुसती तपकिरी केसांची भिंत, कुठला भाग पाहतोय तेच कळत नाही. कोल्हापूरकर मंडळी इथे हमखास विचारतात, की आपला स्वप्नील कुसाळे कुठला स्कोप लावतो? कुठलाच नाही. पॅरिसला २०२४ मध्ये त्याने ५० मीटरवर ब्राँझ मिळवलं ते बारीक भोकातून बघून. त्या स्पर्धांत मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीला परवानगीच नसते. नेम पटीने लागत नाही, एवढं त्यातून घ्या आणि पुढे चला.

डोळ्याचं अंतर मात्र तपासाच. पूर्ण चित्र दिसतं तेव्हा डोळा आणि मागचं भिंग यांत किती जागा उरते? शिकारीच्या रायफलला साडेतीन इंच तरी हवी. कमी असली की धक्क्याबरोबर स्कोपची कड भुवईत बसते. इथल्या रेंजवर भुवईवर चंद्रकोरीची खूण असलेले दोघे-तिघे तरी भेटतात, आणि ते आपण होऊन तो विषय काढत नाहीत.

बाकी गोष्टी भराभर सांगते. पेटणारी फुली नको. आतला दिवा म्हणजे बॅटरी, आणि बॅटरी उणे पंधरात दगा देते. मोठ्या उघड्या फिरक्या नकोत, जॅकेटला घासून फिरतात, झाकणाच्या घ्या. फर्स्ट फोकल प्लेन हा शब्द दुकानदार फेकेल, तो लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी आहे, त्याचे जादा पैसे देऊ नका. जाड रेघा मध्यावर येऊन बारीक होतात ती साधी ड्युप्लेक्स फुली संधिप्रकाशात सगळ्यात चांगली दिसते. आत नायट्रोजन भरलेला असावा म्हणजे काचेवर आतून धुकं धरत नाही. तुमच्या स्वतःच्या श्वासाचं धुकं बाहेरून बसेलच, त्यावर इलाज मफलर थोडा खाली ओढणं. आणि एअरगनसाठी विचारणाऱ्यांना: स्प्रिंगवाल्या एअरगनचा धक्का दोन्ही दिशांना बसतो, त्यात चांगले चांगले रायफल स्कोपही फुटतात. तिच्यासाठी तसा लिहिलेलाच स्कोप घ्या.

आता नावं. मला कुणी पैसे दिलेले नाहीत. व्हॉर्टेक्स कंपनीचा क्रॉसफायर टू, ३-९×४०, दोनशे डॉलरच्या आसपास किंवा सवलतीत त्याहून कमी. कंपनी आमच्याच राज्यातली, बार्नेव्हेल्डची. त्यांच्याकडे पावती लागत नाही, मालक पहिला की चौथा हेही विचारत नाहीत, बिघडला तर दुरुस्त करून किंवा बदलून देतात. थोडे जास्त असतील तर ओरेगनच्या ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४०, साधारण तीनशे. वजनाला हलका, संध्याकाळी काच थोडी उजवी. माझ्या .३०८ वर आज हाच आहे. जुना ल्युपोल्ड कुणी विकत असेल तर तोही वाईट नाही, हमी स्कोपबरोबरच येते. फक्त बाजारात त्यांच्या नकला फिरतात, तेव्हा अनुक्रमांक बघून घ्या, आणि सत्तर डॉलरला नवाकोरा मिळाला तर तो ल्युपोल्ड नव्हेच.

"रायफलएवढेच पैसे स्कोपवर घाला" असं जुने शिकारी सांगतात. मला हे पटत नाही. दोनशे ते तीनशेपर्यंत प्रत्येक डॉलर दिसतो, त्यापुढे शंभर यार्डांच्या शिकाऱ्याला फरक फार हळू हळू कळतो. ते पैसे काडतुसांवर घाला आणि रेंजवर जा.

एका जागी मात्र कंजुषी नको: रिंगा आणि त्यांचा पाया. माझ्या पहिल्या प्रकरणात स्कोप दोषी की त्या फुकटच्या रिंगा, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. दोन्ही फेकले. आता पोलादी रिंगा आणि छोटा टॉर्क स्क्रू-ड्रायव्हर. रिंगेच्या वरच्या स्क्रूंना बहुतेक ठिकाणी १५ ते १८ इंच-पौंड पुरतात, नेमका आकडा तुमच्या रिंगेच्या कागदावर असतो. हाताने "चांगलं घट्ट" केलं की नळी चेपते, आणि आतली रचना अडकते.

शेवटी, घेतल्यावर करायची परीक्षा. बहुतेक स्कोपचा एक खटका १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो. झिरो झाल्यावर एक गोळी मध्यावर मारा. मग उजवीकडे २० खटके, एक गोळी. वर २०, एक गोळी. डावीकडे २०, एक. खाली २०, एक. नेम दर वेळी मध्यावरच. कागदावर पाच-पाच इंचांचा चौकोन उमटायला हवा आणि पाचवी गोळी पहिलीच्या शेजारी यायला हवी. एकेक गोळी कमी वाटत असेल तर तीन-तीनचे गट मारा. चौकोन तिरका आला, किंवा शेवटची गोळी घरी परतली नाही, तर बदलून मागा. हे परतीची मुदत संपायच्या आत करा, हंगामाच्या आदल्या आठवड्यात नाही.

आणि हंगामात रायफल कशालाही आपटली, कितीही हलकेच आपटली, तर त्या दिवशी मचाणावर बसायचं नाही. आधी रेंजवर जाऊन एक गोळी कागदावर. गेल्या वर्षी माझी ट्रकच्या दारावर आदळली, शनिवारची अख्खी सकाळ त्यात गेली. गोळी जागच्या जागीच लागली. आजोबा हसले, पण नको कर असं म्हणाले नाहीत.

पुढच्या भागात हरणाचं मांस घरी कसं साफ करायचं आणि आमच्याकडे त्याचा रस्सा कोल्हापुरी मसाल्यात कसा होतो, ते. तोवर प्रश्न पाठवत राहा.