मामाची व्हॅन आणि चौथा गिअर

गिअर रेशोचा आयुष्यात काय उपयोग, असं मी सबमिशन लिहिताना नेहमी विचारायचे. उत्तर गेल्या उन्हाळ्यात मामाच्या फोनवर मिळालं.

मामा इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला असतो. त्याच्याकडे 1972 सालची फोक्सवॅगन टाइप 2 व्हॅन आहे. 1600 सीसी एअर-कूल्ड इंजिन, तेही मागे. आजी तिकडे गेली तेव्हा तो तिला समुद्र दाखवायला डेव्हनला निघाला. एम-5 मोटरवेवर तासभर झाल्यावर आजी म्हणाली, "अरे, हा मिक्सर बंद कर आता!" परत येताना ती ट्रेनने आली. मामा मला म्हणाला, "तू इंजिनिअर होतेयस ना? मग असा गिअरबॉक्स सांग, की आई पुन्हा गाडीत बसेल."

आधी हिशोब बघू. चौथ्या गिअरचा रेशो 0.82 आणि फायनल ड्राइव्ह 5.375. गुणाकार 4.41, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 4.41 फेरे. चाकाचा घेर साधारण 2 मीटर. ताशी 100 किमीला चाक मिनिटाला 833 वेळा फिरतं, म्हणून इंजिन सुमारे 3670 आरपीएमवर. या इंजिनाची पूर्ण ताकद, जेमतेम 50 हॉर्सपॉवर, 4000 आरपीएमला मिळते. मिक्सर का वाजत होता ते कळलं!

मला वाटलं, सोप्पं आहे. चौथा गिअर एवढा लांब करू की इंजिन 2800 वरच राहील. मी ऐटीत सरांना दाखवलं. सरांनी एकच प्रश्न विचारला, "या इंजिनाचा पंखा कोण फिरवतं?"

मी गप्प. पंखा बेल्टने इंजिनच फिरवतं. रेडिएटर नाहीच. आरपीएम कमी म्हणजे हवाही कमी. पण गाडी तेवढ्याच वेगाने रेटायची तर ताकद तेवढीच लागणार. अशा चौकोनी डब्याला 100 च्या वेगाला, माझ्या हिशोबाने, 30 हॉर्सपॉवर तरी लागतात. चढावर आणखी. म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, पंखा मंद आणि सिलिंडर हेड तापतंय. आवाज कमी झाला म्हणून आपण खूश, आणि इंजिन आतून भाजून निघतंय. माझं पहिलं उत्तर मामाने ऐकलं असतं, तर त्याचं इंजिनच गेलं असतं.

दुसरी गोष्ट, गिअरमधलं अंतर. तिसरा 1.26 आहे. 4000 ला तिसऱ्यातून चौथ्यात टाकलं की इंजिन 2600 वर पडतं. नुसता चौथा लांब केला की ही दरी अजून वाढते. चढावर तिसऱ्यात इंजिन ओरडतं आणि चौथ्यात दम टाकतं.

मग सापडला याच व्हॅनच्या 2 लिटर मॉडेलचा गिअरबॉक्स. चौथा 0.88, फायनल ड्राइव्ह 4.57, गुणाकार 4.02. आता 100 ला 3350 आरपीएम, साधारण 9 टक्के कमी. गंमत म्हणजे दरीही कमी झाली, 4000 वरून 2800 च्या आसपास. शिवाय तिसऱ्यात 4000 ला पूर्वी ताशी 71 किमी मिळायचे, आता 83. एक्सेटरच्या पुढचा हॅल्डन हिल तिसऱ्यातच चढायचा, पंखा जोरात ठेवून. आपले एसटीवाले घाटात हेच करतात की!

फुकट काहीच मिळत नाही. पहिला गिअरही साधारण 18 टक्के लांब होतो, त्यामुळे भरलेली गाडी चढावर उचलताना क्लचला त्रास. आणि क्लच, माउंट जुळतात का, हे गॅरेजमध्ये आधी बघून घ्यायला हवं. ते मी मामाला दोनदा बजावलं.

मामाने गिअरबॉक्स बसवला. आजी पुन्हा डेव्हनला जाऊन आली, जाताना आणि येताना व्हॅननेच. मी विचारलं, आवाज कमी झाला का? म्हणाली, "मिक्सर आहेच, पण आता त्यात दाण्याचं कूट नाही, ताक आहे."

व्हायव्हात हे उत्तर चालेल का, माहीत नाही. मला मात्र गिअर रेशो त्या दिवशी समजला.