दर दिल्लीचा, पावती ताडदेवची

लेखमाला ‘खिशातून खजिन्यात’ : भाग सातवा

गिरगावात खेतवाडीच्या एखाद्या गल्लीत किंवा दादरच्या पारशी कॉलनीत अजूनही कव्हराखाली झाकलेली फियाट दिसते. रविवारी कव्हर निघते, फडके फिरते, इंजिन दहा मिनिटे धडधडते आणि गाडी पुन्हा आठवडाभर झोपी जाते. अशा गाडीचा पेट्रोलवर फारसा खर्च नसतो. मालकाचा पैसा जातो तो तिला कागदोपत्री जिवंत ठेवण्यात.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरसीचे नूतनीकरण. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या सगळ्यांचे आरटीओ एकच, ताडदेवला तुळशीवाडीत ओल्ड बॉडीगार्ड लेनमध्ये. एमएच-01 म्हणजे तेच. या नूतनीकरणाला 31 मार्च 2022 पर्यंत 600 रुपये पडत. दुसऱ्या दिवसापासून 5,000 झाले. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या नव्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी तो आकडा 10,000 वर नेला. मोटारसायकलचा प्रवास तसाच : 300, मग 1,000, मग 2,000. परदेशी बनावटीच्या जुन्या मोटारीला तर थेट 80,000.

आता त्या फियाटची पावती उलगडून पाहू. नूतनीकरणाचे 10,000. महाराष्ट्राने 2010 साली लावलेला पर्यावरण कर, पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचे 3,000. आणि एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट, जीएसटीसह 879 रुपये 10 पैसे. एकूण 13,879 रुपये 10 पैसे.

यातले पहिले दोन आकडे पूर्णपणे राज्याचे. प्लेटचे मूळ 745 रुपये ती बसवणाऱ्या ठेकेदार कंपनीकडे जातात. उरलेल्या 134 रुपये 10 पैसे जीएसटीचे दोन सारखे तुकडे होतात : 67 रुपये 5 पैसे राज्याला, तेवढेच केंद्राला. केंद्राचा तुकडा सगळ्या राज्यांत वाटायच्या राशीत पडतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या, 2021 ते 2026 या काळाच्या सूत्राप्रमाणे त्यातले 41 टक्के राज्यांचे आणि त्या 41 टक्क्यांत महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के होता. त्या सूत्राने ढोबळ हिशोब केला तर दिल्लीला जाऊन मुंबईकडे परत येतो 1 रुपया 74 पैसे. कटिंग चहाही येणार नाही.

गंमत पहिल्या आकड्यात आहे. दहा हजारांचा दर ठरवला दिल्लीने, पण त्यातला छदामही दिल्लीला मिळत नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा, केंद्राचा. त्याखालचे 1989 चे नियमही केंद्राचे, आणि नोंदणी, लायसन्स, फिटनेस यांची शुल्के त्या नियमांत छापलेली. वसुली मात्र राज्याच्या आरटीओची आणि रक्कम राज्याच्या तिजोरीत. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ‘0041 – वाहनांवरील कर’ या लेखाशीर्षाखाली दोन वेगळे उपशीर्ष आहेत, एक केंद्रीय कायद्याखालच्या जमेचे आणि दुसरे राज्याच्या वाहन कर कायद्याखालच्या जमेचे. म्हणजे दिल्लीत अधिसूचना निघाली की मंत्रालयातल्या जमेची एक ओळ आपोआप फुगते. कोणत्याही अर्थमंत्र्याला हेवा वाटावा अशी सोय : शिव्या दुसऱ्याला, जमा आपल्याला.

पण याला शुल्क म्हणायचे की कर? हा वाद मुंबईला नवा नाही. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या 1954 च्या खटल्यात सार्वजनिक न्यासांकडून घेतली जाणारी वर्गणी कर आहे की शुल्क, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. न्यासांच्या देखरेखीच्या खर्चासाठीच ती घेतली जाते म्हणून न्यायालयाने तिला शुल्क मानले. पुढच्या निकालांनी ‘सेवा आणि मोबदला’ ही गाठ बरीच सैल केली, तरी विचारायचा प्रश्न तोच राहतो. फियाट तपासायला निरीक्षकाला 2021 मध्ये लागत होता तेवढाच वेळ आजही लागतो. मग 600 चे 10,000 कशाचे?

उत्तर सरकारने लपवलेले नाही. ऑगस्ट 2021 मध्ये गाड्या भंगारात काढण्याचे राष्ट्रीय धोरण आले आणि त्याच्या पाठोपाठ ही दरवाढ. जुनी गाडी ठेवणे महाग पडावे, हाच हेतू. नावाला शुल्क, कामाला दट्ट्या. याच धोरणात राज्यांसाठी दुसरी बाजूही आहे. जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला राज्याने वाहन करात खासगी गाडीला 25 टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीला 15 टक्क्यांपर्यंत सूट द्यावी, अशी केंद्राची योजना. म्हणजे जुन्या गाडीवरच्या शुल्कातून राज्याला मिळवून द्यायचे आणि नव्या गाडीवरच्या करातून सोडायला सांगायचे. सुटीचा भार राज्यावर, म्हणून ती देणाऱ्या राज्यांना केंद्र पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जाचे आमिष दाखवते.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनाही या दट्ट्याचा अनुभव आला. पंधरा वर्षांवरच्या टॅक्सीच्या फिटनेसचे, म्हणजे पासिंगचे शुल्क एप्रिल 2022 पासून 1,000 वरून 7,000 झाले, आणि एवढ्या जुन्या व्यावसायिक गाडीला हे पासिंग दर वर्षी. ताडदेवला नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ची. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षे असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर राहिली नाही. त्या दिवशी छायाचित्रांना तोटा नव्हता. शेवटच्या दीड वर्षात त्या टॅक्सीवाल्यांनी पासिंगला किती मोजले, हे कोणी फारसे विचारले नाही.

दर बदलला की पैसा कमी-जास्त होतो हे उघड आहे. कमी दिसते ते हे की पैशाचा खिसाही बदलतो. याचे सर्वांत मोठे उदाहरण 2017 चे.

30 जून 2017 पर्यंत मुंबईत येणाऱ्या नव्या गाडीवर जकात होती आणि ती महापालिकेची होती. 1 जुलैला जीएसटी आला, मुलुंड-दहिसरचे जकात नाके बंद झाले, बऱ्याच गाड्यांच्या किमतीही उतरल्या. किंमत उतरली की किमतीच्या टक्क्यांत घेतला जाणारा राज्याचा एकरकमी वाहन करही उतरतो. मंत्रालयाने तेव्हा चटकन दोन टक्के वाढवून घेतले : पेट्रोल मोटारींचे 9, 10, 11 टक्क्यांचे टप्पे 11, 12, 13 झाले, दुचाकींचे 8, 9, 10 चे 10, 11, 12. ग्राहकाच्या दृष्टीने जकात गेली आणि रोड टॅक्स वाढला. हिशोबाच्या वहीत मात्र पालिकेच्या गल्ल्यातली रक्कम गेली आणि राज्याच्या गल्ल्यात वेगळी रक्कम आली.

पालिकेला वाऱ्यावर सोडले नाही, हे खरे. 2017 च्या भरपाई कायद्याने जकातीच्या बदल्यात दरमहा रक्कम ठरली, दर वर्षी चक्रवाढीने 8 टक्के वाढीसह. पहिला धनादेश 647 कोटी 34 लाखांचा होता, 5 जुलै 2017 रोजी दिलेला. पण नाक्यावर स्वतः गोळा केलेला पैसा आणि मंत्रालयाकडून येणारा धनादेश यांत फरक असतो. शहरात गाड्या दुप्पट झाल्या तरी धनादेशातला 8 चा आकडा हलत नाही. लालबागमधून जाणारा डॉ. आंबेडकर मार्ग उखडला तर बुजवायचा पालिकेने. त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा कर आहे राज्याचा.

1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात ‘वाहने व जनावरे यांवरील कर’ अशी पालिकेच्या उत्पन्नाची स्वतंत्र बाबच होती. त्या कायद्याच्या जन्मावेळी मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावत होत्या आणि मोटार यायला दहा वर्षे होती. घोड्यांच्या शहरात गाडीचा कर पालिकेकडेच असावा, असे वाटण्यात तर्क होता.

राज्य स्वतः दर बदलते तेव्हा कोणाकडे पाहून बदलते, हे 10 मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात दिसले. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी सीएनजी-एलपीजी मोटारींचा कर एका टक्क्याने वाढवला, अपेक्षा 150 कोटींची. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना 7 टक्के एकरकमी कर, अपेक्षा 625 कोटी. आणि एका गाडीवरच्या कराची 20 लाखांची कमाल मर्यादा 30 लाखांवर नेली, अपेक्षा 170 कोटी.

ही कमाल मर्यादा नीट पाहण्यासारखी आहे. लालबागच्या चाळीतली लाख रुपयांची 110 सीसी स्कूटर 11 टक्क्यांनी 11,000 भरते. समोरच्या, गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरमधली चार कोटींची पेट्रोल मोटार 13 टक्क्यांनी 52 लाख भरायला हवी. मर्यादेमुळे 30 लाख भरते, म्हणजे साडेसात टक्के. गाडी जितकी महाग तितका टक्का खाली. मर्यादेच्या बाजूने सांगितले जाते ते असे की ती नसेल तर अशा गाड्या कमी कराच्या राज्यांत नोंदवल्या जातात आणि परळच्या तळघरात पुदुच्चेरीची पाटी लावून उभ्या राहतात. भीती खोटी नाही, पण पळून जाण्याची सोय स्कूटरवाल्याकडे नसते. तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींना 6 टक्के लावायचा प्रस्तावही याच अर्थसंकल्पात होता. तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला.

मग सप्टेंबर 2025 आला. 22 तारखेपासून लहान पेट्रोल मोटारींवरचा 28 टक्के जीएसटी आणि 1 टक्का उपकर जाऊन सरसकट 18 टक्के राहिला. मूळ किंमत सहा लाख धरली तर शोरूमचा भाव 7,74,000 वरून 7,08,000 वर आला. त्यावर 11 टक्क्यांचा रोड टॅक्स आधी 85,140 होता, आता 77,880. म्हणजे आपल्या कायद्यातले एक अक्षरही न बदलता राज्याचे एका गाडीमागे 7,260 रुपये गेले. जीएसटीतल्या अर्ध्या वाट्याचे 30,000 वेगळे. गाड्यांचा खप वाढला तर ही खोट भरून निघेल, असा युक्तिवाद आहे. 2017 सारखे दोन टक्के वाढवायचा मोह होईल का, तेही पाहावे लागेल.

पूर्णपणे राज्याच्या हातातली आणि कोणी तक्रार न करणारी एक जमा आहे : पसंतीचा नंबर. 30 ऑगस्ट 2024 पासून मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी मोटारीच्या 0001 चा भाव चार लाखांवरून सहा लाख झाला. मालिकेबाहेरून हवा असेल तर तिप्पट, अठरा लाख. 4141 घेऊन पाटीवर तो ‘दादा’ असा वाचायला लावणारे उत्साही वेगळे. तसे रंगवणे गुन्हा आहे, म्हणजे दंडही पुन्हा राज्यालाच.

पालिकेच्या हाती थेट येणारा गाडीचा पैसा म्हणजे पे-अँड-पार्कचा. सशुल्क वाहनतळावर तासाच्या हिशोबाने गाडी लावणारा पालिकेला काहीतरी देतो. खेतवाडीची फियाट मात्र आठवडाभर पालिकेच्याच रस्त्याच्या कडेला, फुकटच्या जागेत उभी असते. तिच्या 13,879 रुपये 10 पैशांच्या पावत्यांत पालिकेच्या नावाची ओळ एकाही कागदावर सापडत नाही.