विजेची मोटारगाडी घरी चार्ज करताना



ऊस विकास विभागाने या पानातून बेणे, खत आणि पाणी यांवर लिहावे, असा आजवरचा रिवाज आहे. तथापि लागवडीच्या नोंदी घेत गावोगाव हिंडताना अलीकडे आम्हांस एक वेगळाच प्रश्न विचारला जातो : "साहेब, विजेची गाडी घ्यावी म्हणतो, पण घरी चार्जिंगचं कसं?" प्रश्न विजेचा असला तरी हिशेब कास्तकाराच्या ओळखीचाच आहे. विहिरीला पाणी किती अन् ओलीत किती, हे पाहूनच आपण मोटर किती हॉर्सपॉवरची ते ठरवितो. येथेही तसेच करावयाचे.

प्रथम गरज पाहा. चांदूर रेल्वेहून अमरावतीस जाऊन येणे म्हणजे सुमारे 60 किलोमीटर. लहान गाडी एका युनिटमध्ये साधारण 6 ते 8 किलोमीटर जाते. चार्जिंगमधील घट धरून या फेरीस 10 युनिट लागतात असे समजू. 15 अँपियरच्या सॉकेटवरील साधा चार्जर तासाला सुमारे 3.3 युनिट भरतो, म्हणजे तीन तासांत काम झाले. रात्री आठ तास गाडी लावून ठेवली तर दीडशे किलोमीटरची बेगमी होते. बहुतेक सभासदांस एवढे पुरेसे आहे.

भिंतीवरची मोठी पेटी कोणी घ्यावी? 7.2 किलोवॅटची पेटी 30 युनिटची बॅटरी दहा तासांऐवजी पाच तासांच्या आत भरते. परंतु ती एकटीच 32 अँपियर ओढते, म्हणून आपला मंजूर भार आधी वाढवून घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही पेटी फक्त वीज पुरविते. ती बॅटरीत भरणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो. 2022 साली आलेल्या टाटा टियागोच्या काही प्रकारांत तो 3.3 किलोवॅटचा, तर काहींत 7.2 चा होता. लहान चार्जरच्या गाडीला मोठी पेटी लावणे म्हणजे दोन इंची मोटरीला चार इंची पाइप जोडणे. पाणी वाढत नाही. रोज शंभर-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्याने किंवा घरी दोन गाड्या असणाऱ्याने मात्र मोठ्या पेटीचा विचार जरूर करावा.

वायरिंग. मिक्सर पाच मिनिटे चालतो. गाडी मात्र तासन् तास पूर्ण करंट ओढते. सैल सॉकेट अशा वेळी तापते, वितळते आणि आग लागते. म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाइन घ्यावी. 15 अँपियरला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरावी. 32 अँपियरला निदान 6 ची, आणि अंतर लांब असल्यास 10 ची घ्यावी. एक्स्टेंशन बोर्ड मुळीच नको. कुटाराच्या गंजीजवळ किंवा वाळल्या पाचटाजवळ पॉइंट काढू नये. गावात संध्याकाळी व्होल्टेज 180 वर उतरले तर तीन तासांचे काम चार तासांवर जाते. म्हणून उशिरा रात्री, भार कमी झाल्यावर गाडी लावावी. वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवावा.

अर्थिंग. ही सर्वांत महत्त्वाची बाब होय. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग निकामी होते. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळाभर पाणी टाकीत जावे. अर्थिंग नसेल तर पुष्कळ चार्जर सुरूच होत नाहीत. मग कोणी हुशार माणूस न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडून देतो. हे कदापि करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरते, अन् पहिला हात लेकराचा लागतो. 30 मिलिअँपियरवर तुटणारा गळतीरोधक ब्रेकर बसवावा. त्याचा खर्च वाचवू नये.

वावरातल्या कनेक्शनवर चार्जिंग नको. 2024 साली राज्य सरकारने 7.5 हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत विजेची योजना आणली. तेव्हा मोह होणे साहजिक आहे. परंतु पंपाची वीज दुसऱ्या कामास वापरणे हा विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो व दुप्पट दराने आकारणी होते. दोन-चारशे रुपयांसाठी ओलिताचे कनेक्शन धोक्यात घालू नये. घरच्या मीटरवर गाडी चार्ज करण्यास मात्र पूर्ण मुभा आहे. केंद्राच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत तसे स्पष्ट म्हटले आहे.

बिल. रोजचे 10 म्हणजे महिन्याचे 300 युनिट वाढतात. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, तेव्हा वाढलेले युनिट महाग टप्प्यात पडतात. डिझेलशी तुलना करताना हाच वरचा दर धरावा. छतावर 3 किलोवॅटचा सौर संच बसविल्यास चांगल्या उन्हात दिवसाला 12 युनिटच्या आसपास मिळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एवढ्या संचास 78,000 रुपये अनुदान ठरले आहे.

राहिला लांबचा प्रवास. जून 2025 पासून पूर्ण खुला झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातून जातो. तशा प्रवासात जलद चार्जिंग केंद्रांचा आधार घ्यावा. वर्षातून दोनदा मुंबईस जावयाचे म्हणून घरी मोठा खर्च करू नये.

सारांश, आधी अर्थिंग, मग स्वतंत्र लाइन, मग मंजूर भार आणि सर्वांत शेवटी चार्जर, या क्रमाने जावे. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्याची चाचणी समक्ष उभे राहून पाहावी, ही सर्व सभासदांस विनंती.

— ऊस विकास अधिकारी