अपयशाची आगाऊ सबब

परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक मिटून मॅच बघायची आणि सकाळी मित्रांना सांगायचं, ‘माझं काहीच झालेलं नाही!’ गुण कमी पडले तर दोष त्या रात्रीचा. चांगले पडले तर अभ्यास न करता पडले म्हणून कौतुक जास्तच. दोन्हीकडून हुशारीची अब्रू शाबूत. मानसशास्त्रज्ञ याला ‘सेल्फ-हँडिकॅपिंग’ म्हणतात. निकालानंतर सुचलेली सबब वेगळी. इथे विद्यार्थी निकालाआधीच स्वतःच्या वाटेत धोंडा ठेवतो.

स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. त्यांनी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना सुटणारे, तर काहींना न सुटणारे प्रश्न दिले आणि ‘उत्तम जमलं’ असं मात्र सगळ्यांनाच सांगितलं. पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायचं होतं: एक बुद्धीला चालना देणारं, दुसरं ती मंदावणारं. न सुटणाऱ्या प्रश्नांवर शाबासकी मिळालेल्या मुलांचा कल मंदावणाऱ्या औषधाकडे झुकला. आपलं यश कशामुळे आलं हेच त्यांना कळलं नव्हतं. मग ते टिकेल याचा भरवसा कसा वाटणार? मुलींमध्ये मात्र हा कल तसा दिसला नाही.

हा मोह कोणाला जास्त होतो? उत्तर विद्यार्थ्याच्या ध्येयात सापडतं.

विषय समजून घ्यायचा, हे एक ध्येय. इतरांपेक्षा सरस ठरायचं, हे दुसरं. आणि ‘आपण ढ दिसता कामा नये’, हे तिसरं. टिम अर्डन आणि कॅरल मिजली यांच्या शालेय अभ्यासांत या तिसऱ्या ध्येयाचा सेल्फ-हँडिकॅपिंगशी ठळक संबंध आढळला. शिकण्यातच रमणाऱ्या मुलांत हे वागणं कमी दिसलं. वर्गाचं वातावरणही महत्त्वाचं ठरलं: मुलांची आपापसात तुलना होते, तिथे अशा पळवाटा अधिक.

या पळवाटेची किंमत गुणांत मोजावी लागते. २०१४ मध्ये ३६ अभ्यासांतल्या २५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती एकत्र तपासली गेली. हे वागणं जितकं जास्त, तितकी शैक्षणिक कामगिरी कमी, असा मध्यम स्वरूपाचा संबंध त्यात दिसला.

म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी उत्तरपत्रिका हाती आल्यावर ‘पहिला कोण आला?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. कुठलं गणित अडलं आणि ते पुन्हा कसं सोडवता येईल, हे मुलाजवळ बसून बघावं.