साडेसातला शटर

सहाला उठते तेव्हा दूध संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागलेली असते. या रांगेवरच माझं घड्याळ चालतं. दूध घालून, फॅट लागून झाल्याशिवाय इथला शेतकरी दुसरीकडे वळत नाही. म्हणून सातला दवाखाना उघडून बसण्यात काही अर्थ नाही. तो वेळ लेकीची वेणी, तिचा डबा आणि तिच्या बाबांशी गॅस सिलिंडरवरून होणारा वाद यांचा.

साडेआठला शटर वर. पाटीवर नऊ लिहिलंय, पण साखर तपासायला आलेले लोक पहिल्या एसटीने, आठ-दहा तास उपाशीपोटी आलेले असतात. त्यांना पायरीवर ताटकळत ठेवणं बरं नाही. लॅबवाला मुलगा रक्त घेतो, मंडळी समोर जाऊन पोहे-चहा घेतात आणि खाल्ल्यापासून दोन तासांनी पुन्हा हात पुढे करतात. म्हणजे साडेअकराच्या गाडीला मोकळी. अर्धा तास उशिरा उघडलं, तर त्यांची थेट दुपारची एसटी होते आणि दिवस जातो. मधल्या वेळात नेहमीचंच : खोकला, कंबर, बीपीच्या गोळ्या, सहीसाठी आलेली सर्टिफिकिटं.

एक ते चार बंद. पुण्याच्या दुकानांवरून विनोद करणारी माणसं माझ्या पाटीपुढेही हसतात. हसोत. लेक सव्वाला घरी येते, आम्ही दोघी जेवतो, शाळेतली भांडणं मला सविस्तर ऐकवली जातात. मग मी झोपते. झोप न झालेल्या डॉक्टरने संध्याकाळी डोस लिहू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

चारला पुन्हा ओपीडी. सुरुवातीला गरोदर बायका आणि म्हातारी माणसं. सहानंतर तापाची पोरं. माणसाचं तापमान पहाटे सगळ्यात कमी आणि दुपार कलल्यावर सगळ्यात जास्त असतं. सकाळी अंगणात हुंदडणारं पोर दिवेलागणीला फणफणतं ते यामुळेच. ‘सकाळी अंग गार होतं हो मॅडम’ असं आई म्हणते तेव्हा ती खरंच सांगत असते, तिच्यावर डाफरू नये. संध्याकाळची ओपीडीच बंद करावी असा मोह मलाही होतो. पण मग ही पोरं रात्री दहाला घरी येतील, इतकंच.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि हिशेब बदलतो. पहाटे फडात गेलेली जोडपी गाडी भरून, कारखान्यावर रिकामी करून कधी परततील त्याचा नेम नाही. एक खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. बाई अंगावर दुखणं काढते, कारण दुपारी दवाखान्यात येणं तिला परवडत नाही. म्हणून हंगामात माझं शटर साडेसातऐवजी साडेआठला खाली येतं. 2023 मध्ये राज्यभर ‘आपला दवाखाना’ सुरू झाला तेव्हा त्याची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवली होती. मजुरीवर जगणाऱ्यांसाठी ती वेळ योग्यच.

हा तास मी गुरुवारी वसूल करते. गुरुवारी बाजार, आसपासच्या वाड्यांवरची माणसं दिवसभर गावातच असतात आणि शेवटच्या गाडीआधी परतायची घाई करतात. त्या दिवशी नऊ ते पाच सलग बसते, जेवणाचा डबा आतल्या खोलीत. पाचनंतर कुलूप. ती संध्याकाळ घरची : भाजी निवडणं, पाढे, कधी नदीपर्यंत फेरी. पाटीवर ‘गुरुवारी सायंकाळी बंद’ लिहिलं तेव्हा धंदा बसेल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तसं काही झालं नाही. बंद दवाखान्यापेक्षा लोक चिडतात ते पाटीवर पाच लिहून साडेसहाला उगवणाऱ्या डॉक्टरवर.

रात्रीचं मात्र पाटीवर काही नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन कसं गुणकारी आहे हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. पण ती गोळीही लवकर पोटात जायला हवी. अशा वेळी दार वाजवाच, मी उठते. छातीत दुखून घाम फुटला तर माझ्याकडेही थांबू नका, 108 लावा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. चार दिवसांचा खोकला तेवढा साडेसातच्या आत घेऊन या.